आयआरसीवर स्वतःचा होस्ट कसा बघायचा, आणि ओपला नेमका कुठला द्यायचा

आयआरसी म्हणजे इंटरनेटवरचं जुनं टेक्स्ट चॅट, त्यातली एकेक रूम म्हणजे चॅनल, ती सांभाळणारा माणूस म्हणजे ओप, आणि माणसांना होस्टवरून ओळखणारा तिथला प्रोग्राम म्हणजे बॉट. चॅनलचा ओप म्हणतो "तुझा होस्ट पाठव, बॉटमध्ये ॲड करतो", आणि नवीन माणूस लगेच ब्राउझर उघडून त्या माझा-आयपी-काय टाइपच्या साइटवर जातो, तिथला नंबर कॉपी करतो आणि भर चॅनलमध्ये सगळ्यांसमोर पेस्ट करतो. ह्यात दोन लोचे आहेत. ब्राउझरला जो नंबर दिसतो तोच आयआरसी सर्व्हरला दिसेल ह्याची काही गॅरंटी नाही, आणि दुसरं म्हणजे ही चारचौघांत टाकायची गोष्टच नाहीये. होस्ट विचारायचा तो सर्व्हरलाच, कारण होस्ट म्हणजे सर्व्हरने तुमच्या नावापुढे लावलेला पत्ता, तुमचा लॅपटॉप स्वतःबद्दल काय समजतो त्याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

आधी होस्ट दिसतो कसा ते बघू. आयआरसीवर प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव तीन तुकड्यांचं असतं, निक म्हणजे टोपणनाव, मग उद्गारचिन्ह, मग यूझरनेम, मग ॲट, मग होस्ट. म्हणजे असं काहीतरी:

दादरकर!~दादर@२०३.०.११३.४५

ह्याला मास्क म्हणतात, काही लोक होस्टमास्क म्हणतात. ॲटच्या पुढचं जे आहे तो होस्ट. तो नुसता आयपी असू शकतो, इंटरनेट कंपनीने दिलेलं लांबलचक नाव असू शकतं, किंवा नेटवर्कने खरा पत्ता झाकून वरून लावलेलं दुसरंच नाव असू शकतं, त्याला क्लोक म्हणतात, त्याच्यावर पुढे येतोच. यूझरनेमच्या आधी ती जी नागमोडी रेघ दिसते ना, तिचं बरेच जण विचारतात. सर्व्हर कनेक्ट होताना तुमच्या मशीनला ११३ नंबरच्या पोर्टवर विचारतो की हा यूझर कोण, त्याला आयडेंट म्हणतात, आणि उत्तर आलं नाही की यूझरनेमपुढे ती रेघ लावून टाकतो. घरच्या राउटरच्या मागे बसलेल्या जवळजवळ सगळ्यांना ती रेघ असते, काही बिघडलेलं नसतं, पण मास्क कॉपी करताना ती गाळायची नाही, कारण बॉट अक्षर न अक्षर मॅच करतो.

आता कमांड. मी इथे सगळं देवनागरीत लिहितोय पण कमांड टाइप करायची ती इंग्रजी अक्षरांत, पुढे स्लॅश लावून. मुख्य कमांड एकच, हूइज, स्पेलिंग डब्ल्यू-एच-ओ-आय-एस. स्लॅश, हूइज, एक स्पेस, आणि तुमचा स्वतःचा निक:

/हूइज दादरकर

एंटर मारलं की पाच-सात ओळी येतात. कुठे येतात हे क्लायंटवर, म्हणजे आयआरसीसाठी तुम्ही वापरता त्या प्रोग्रामवर आहे, कोणाकडे चालू चॅनलच्या विंडोत, कोणाकडे सर्व्हरच्या वेगळ्या विंडोत किंवा स्टेटस विंडोत, त्यामुळे काहीच आलं नाही असं वाटलं तर आधी ती विंडो उघडून बघा. पहिली ओळ महत्त्वाची, तिच्यात निक, यूझरनेम, होस्ट आणि शेवटी तुम्ही रियल नेममध्ये जे भरलंय ते असतं. ही ओळ सर्व्हरकडून ३११ नंबर लावून येते, काही क्लायंट तो नंबर दाखवतात काही गाळतात. खाली तुम्ही कुठल्या चॅनलवर आहात, कुठल्या सर्व्हरला जोडलेले आहात, किती वेळ गप्प आहात, अकाउंटने लॉगिन केलंय का, कनेक्शन सिक्युअर आहे का हे सगळं येतं, आणि शेवटी ३१८ नंबरची एंड ऑफ हूइज अशी ओळ.

पण मध्ये अजून एक ओळ येऊ शकते आणि सगळी गडबड तिथेच होते. बऱ्याच नेटवर्कवर तुम्ही स्वतःचंच हूइज केलंत की इज कनेक्टिंग फ्रॉम किंवा इज ॲक्च्युअली युझिंग होस्ट असं लिहिलेली एक जादाची ओळ दिसते, आणि तिच्यात तुमचा खराखुरा आयपी असतो. ज्या नेटवर्कवर पत्ता झाकलेला असतो तिथे ही ओळ साधारण फक्त तुम्हाला आणि नेटवर्क चालवणाऱ्या स्टाफलाच दिसते, बाकी लोकांना नाही. तुम्ही घाबरता की अरे माझा आयपी दिसतोय, किंवा त्याहून वाईट म्हणजे मदत मागायला अख्ख्या हूइजचा स्क्रीनशॉट काढून चॅनलमध्ये टाकता. सर्व्हरने इमानदारीत जे झाकलं होतं ते तुम्ही आपल्या हाताने उघडं केलंत. हूइजचा स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर ती ओळ कापून टाका, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो आणि सांगत राहणार.

म्हणजे तुमचे पत्ते खरं तर तीन आहेत. एक तुमच्या मशीनचा घरातला, दुसरा जो सर्व्हरला दिसतो तो खरा बाहेरचा, आणि तिसरा जो सर्व्हर बाकीच्यांना दाखवतो. क्लोक नसेल तर दुसरा आणि तिसरा एकच. ओप जेव्हा होस्ट मागतो तेव्हा त्याला नव्याण्णव टक्के वेळा तिसरा हवा असतो, कारण चॅनलमध्ये बसलेल्या बॉटला तोच दिसणार.

हा तिसरा पत्ता शंभर टक्के खात्रीने बघायचा असेल तर दुसऱ्या कनेक्शनवरून बघा. फोनवर एखादं आयआरसी ॲप टाका किंवा ब्राउझरमध्ये नेटवर्कचा वेब चॅट उघडा, वेगळ्या निकने त्याच नेटवर्कला या आणि तिथून तुमच्या नेहमीच्या निकचं हूइज करा. जे दिसेल तेच जगाला दिसतंय, विषय संपला. ओळखीचा कोणी ऑनलाइन असेल तर त्याला प्रायव्हेटमध्ये सांगा, भाऊ माझं हूइज मारून पहिली ओळ इथेच पेस्ट कर, तेही चालतं.

दुसरी एक कमांड आहे, यूझरहोस्ट, हा एकच शब्द आहे मध्ये स्पेस द्यायची नाही, पुढे निक. उत्तर एकाच ओळीत येतं, निक, बरोबरचं चिन्ह, मग अधिक किंवा वजा, मग यूझरनेम ॲट होस्ट. अधिक म्हणजे तुम्ही हजर, वजा म्हणजे अवे लावलंय, आणि निकला लागून स्टार असेल तर तो माणूस नेटवर्कचा ऑपरेटर आहे. आटोपशीर कमांड आहे, एका वेळी पाच निकपर्यंत विचारता येतात, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, बऱ्याच सर्व्हरवर स्वतःचंच यूझरहोस्ट विचारलं की क्लोक बाजूला ठेवून खरा पत्ता सांगतात, क्लायंटला फाइल पाठवण्यासाठी वगैरे तो लागतो म्हणून. त्यामुळे हूइजच्या पहिल्या ओळीत एक आणि यूझरहोस्टमध्ये दुसरंच असं आलं तर गोंधळू नका, ओपला द्यायचा तो हूइजच्या पहिल्या ओळीतला.

आता क्लायंटनुसार थोडं. एमआयआरसीमध्ये हूइज तर चालतंच, पण त्याच्यात स्वतःची सोयही आहे, दोन स्लॅश, मग इको, स्पेस, डॅश ए, स्पेस आणि डॉलर चिन्ह लावून होस्ट असं टाइप केलं की त्याला माहीत असलेला होस्ट तिथल्या तिथे छापतो, होस्टच्या जागी आयपी लिहिलं की आयपी. दोन स्लॅश का, तर एक स्लॅश दिला की तो डॉलरवाला शब्द जसाच्या तसा छापतो, किंमत काढत नाही. ही किंमत मात्र क्लायंटने स्वतः शोधलेली असते, ऑप्शन्समध्ये कनेक्टच्या खाली लोकल इन्फो नावाचं पान आहे, तिथे लुकअप मेथड नॉर्मल असेल तर तो विंडोजला विचारतो आणि मग राउटरच्या आतला १९२.१६८ वाला नंबरही दाखवू शकतो, सर्व्हर निवडलं तर आयआरसी सर्व्हरला विचारतो. सर्व्हरच ठेवा. हेक्सचॅटमध्ये उजवीकडच्या यादीत स्वतःच्या निकवर राइट क्लिक केलं की सगळ्यात वर निकच्या नावाचा सबमेनू येतो, त्यात यूझर ॲट होस्ट दिसतं. आयआरएसएसआय आणि वीचॅटवाल्यांना तर काहीच करायला नको, चॅनल जॉइन केलं की स्वतःच्या जॉइनच्या ओळीतच पूर्ण पत्ता येतो, स्क्रोल करून वर बघायचं एवढंच. एमआयआरसी आणि हेक्सचॅट त्या जागी नाउ टॉकिंग असं लिहून मोकळे होतात, म्हणून तिथे दिसत नाही. खोलात जायची आवड असेल तर हेक्सचॅटच्या विंडो मेनूत रॉ लॉग आहे, तो उघडून एखादं चॅनल जॉइन करा, सर्व्हरने तुमची जॉइनची ओळ ज्या शब्दांत सगळ्यांना पाठवली तीच ओळ तिथे जशीच्या तशी दिसेल.

आयआरसीक्लाउड वापरणाऱ्यांचा मामला वेगळा. तिथे तुम्ही थेट जोडलेलेच नसता, त्यांचा सर्व्हर तुमच्या वतीने जोडलेला असतो, म्हणून होस्टच्या शेवटी आयआरसीक्लाउड.कॉम येतं आणि यूझरनेममध्ये तुमचा यूझर नंबर. झेडएनसीसारखा बाउन्सर, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून तुमच्या वतीने जोडलेला राहणारा प्रोग्राम, वापरत असाल तर बाउन्सर ज्या मशीनवर आहे तिचा होस्ट दिसतो. अशा वेळी ब्राउझरमधल्या साइटने सांगितलेला आयपी ओपला दिलात तर बॉट तुम्हाला जन्मात ओळखणार नाही, कारण तो पत्ता आयआरसीवर कधी दिसलेलाच नाही.

आता मुंबईत बसून आयआरसी वापरताना हा पत्ता असा का दिसतो ते सांगतो, कारण इथे लोक जास्त अडकतात. कनेक्ट होताना पहिल्या काही ओळी वाहत जातात त्या थांबून वाचा. लुकिंग अप युवर होस्टनेम असं येतं, मग एक तर फाउंड युवर होस्टनेम किंवा कुडन्ट लुक अप. सर्व्हर तुमचा आयपी घेऊन डीएनएसमध्ये, म्हणजे नाव आणि आयपीची जोडी सांगणाऱ्या यंत्रणेत, उलटं शोधतो की ह्या नंबरला काही नाव आहे का, नाव मिळालं तर तेच नाव पुन्हा सुलटं शोधून तोच नंबर येतोय का हे तपासतो, दोन्ही जुळलं तर होस्ट म्हणून नाव लागतं, नाहीतर नुसता आयपी. एमटीएनएलच्या ट्रायबँडवर असताना ट्रायबँड-मुम, पुढे आयपी, आणि मागे एमटीएनएल.नेट.इन असे होस्ट यायचे. त्या एका होस्टवरून कंपनी कळायची, शहर कळायचं आणि आयपी पण कळायचा, समोरच्याला वेगळं काही शोधायची गरजच नाही. आता फोनवरून आलात तर बहुतेक वेळा आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपीचा लांब पत्ता दिसतो, जिओचा २४०९ ने सुरू होतो, एअरटेलचा २४०१:४९०० ने, म्हणजे नाव नसलं तरी कंपनी पहिल्या तुकड्यातच कळते.

घरी वायफायवर असाल तर अजून एक पडदा असतो. तुमच्या लॅपटॉपला राउटरने दिलेला १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा नंबर हा फ्लॅट नंबरसारखा आहे, बिल्डिंगच्या आत ठीक आहे, बाहेरच्या पोस्टमनला सोसायटीचा पत्ताच लागतो, आणि आयआरसी सर्व्हर बाहेरचा आहे. बिल्डिंगमधल्या लोकल केबलवाल्याचं नेट असेल तर बऱ्याचदा तो सुद्धा एकाच बाहेरच्या आयपीवर अनेक घरं चालवतो, त्याला सीजी-नॅट म्हणतात, राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा आयपी, १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला तर समजा की तुम्ही त्याच्यातच आहात. ह्याचा आयआरसीवर थेट परिणाम होतो. शेजारच्या विंगमधल्या कोणी पोराने चॅनलवर राडा केला आणि ओपने होस्टवर बॅन मारला तर तुम्हीही बाहेर, तुमचा काही संबंध नसताना. ऑफिसचं नेट, कॉलेजची लॅब, सगळीकडे हेच, सगळे एकाच होस्टवर. एका होस्टवरून किती कनेक्शन घ्यायची ह्याची सर्व्हरची लिमिट असते, तीही सगळ्यांत मिळून संपते. बॅन का लागला हे कळत नसेल तर आधी स्वतःचा होस्ट बघा आणि मग चॅनलची बॅन लिस्ट बघा, मोड कमांड, चॅनलचं नाव आणि अधिक बी, बऱ्याच ठिकाणी ती कोणालाही वाचता येते. तुमचा होस्ट तिथे कुठल्या स्टारवाल्या पॅटर्नमध्ये (स्टार म्हणजे त्या जागी काहीही चालेल) बसतोय ते दिसलं की ओपशी नीट बोलता येतं, उगाच भांडावं लागत नाही.

आणि लोकलमध्ये आयआरसी उघडून बसणाऱ्यांनो, कल्याणहून सीएसएमटीला पोहोचेपर्यंत तुमचं कनेक्शन तुटून परत जोडलं गेलं की होस्ट बदललेला असू शकतो, घरी वायफायवर वेगळा, ऑफिसला वेगळा. त्यामुळे सकाळी बघितलेला होस्ट संध्याकाळी ओपला देऊ नका. ज्या कनेक्शनवरून नेहमी येणार आहात त्या कनेक्शनवर असताना, त्याच वेळी हूइज करा आणि तो द्या.

क्लोकबद्दल जरा निवांत सांगतो, कारण मला मनापासून वाटतं की प्रत्येकाने तो लावावा. आयआरसी १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या ओउलू युनिव्हर्सिटीत यार्को ओइकारिनेनने बनवलं, तेव्हा नेटवर युनिव्हर्सिटीची माणसं असायची आणि होस्ट उघडा असणं ही ओळख होती, त्यात लपवायचं काही नव्हतं. १९९३ साली प्रोटोकॉल कागदावर आला, आरएफसी १४५९, त्यातही पत्ता सगळ्यांसमोरच आहे. झाकायची सोय नंतर एकेका नेटवर्कने आपापल्या पद्धतीने केली, म्हणून सगळीकडे पद्धत वेगळी.

लिबेरा चॅटवर, म्हणजे मे २०२१ मध्ये फ्रीनोड ह्या जुन्या नेटवर्कच्या स्टाफने बाहेर पडून जे उभं केलं त्या नेटवर्कवर, आधी निकसर्व्हकडे, म्हणजे अकाउंट सांभाळणाऱ्या नेटवर्कच्या सर्व्हिसकडे, अकाउंट रजिस्टर करायचं, ईमेल व्हेरिफाय करायचा, मग लिबेरा-क्लोक नावाच्या चॅनलवर जाऊन उद्गारचिन्ह लावून क्लोकमी असं लिहायचं, की तुमचा होस्ट यूझर, स्लॅश, अकाउंटचं नाव असा होतो. विकिपीडियावर काम करणाऱ्यांना तिथे विकिमीडिया स्लॅश नाव असा क्लोकही मिळू शकतो, मराठी विकिपीडियावाल्यांनी जरूर बघावं. अंडरनेटवर एक्स नावाच्या बॉटकडे लॉगिन करून स्वतःवर मोड अधिक एक्स लावायचा, मग होस्ट तुमचं नाव.यूझर्स.अंडरनेट.ऑर्ग असा होतो. क्वेकनेटवर तेच काम क्यू नावाचा बॉट करतो, होस्टच्या शेवटी यूझर्स.क्वेकनेट.ऑर्ग. ओएफटीसीवर निकसर्व्हला सेट क्लोक ऑन सांगायचं. ईएफनेट आणि आयआरसीनेटवर मात्र अशी सर्व्हिसच नाही, तिथे पत्ता उघडाच समजून चाला.

अनरियल नावाच्या आयआरसी सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छोट्या नेटवर्कवर क्लोक आपोआप लागतो. तिथे होस्ट विचित्र दिसतो, तीन गिचमिड तुकडे आणि शेवटी आयपी ही दोन अक्षरं. ते तुकडे उगाच नाहीत. पहिला तुकडा तुमच्या पूर्ण आयपीवरून काढलेला, दुसरा आयपीच्या पहिल्या तीन आकड्यांवरून आणि तिसरा पहिल्या दोन आकड्यांवरून. म्हणजे तुमचा आयपी त्याच रेंजमध्ये बदलला तर पहिला तुकडा बदलेल आणि मागचे दोन तेच राहतील, आणि हुशार ओप पहिल्या तुकड्याच्या जागी स्टार टाकून अख्ख्या रेंजला बॅन किंवा परवानगी देऊ शकतो, खरा आयपी न बघता. आयपीला नाव असेल तर तिथे फक्त पुढचा भाग झाकला जातो आणि मागे कंपनीचं नाव तसंच राहतं, हे माहीत असू द्या.

क्लोक लागला की सर्व्हर ३९६ नंबरची एक ओळ पाठवतो, इज नाउ युवर हिडन होस्ट किंवा डिस्प्लेड होस्ट असं काहीतरी. ही ओळ कधी आली ह्याच्यावर सगळं आहे. क्लायंट कनेक्ट झाल्या झाल्या चॅनल ऑटोजॉइन करत असेल आणि निकसर्व्हचं लॉगिन दोन सेकंदांनी होत असेल तर त्या दोन सेकंदांत तुम्ही खऱ्या पत्त्यासकट चॅनलमध्ये शिरलेले असता, सगळ्यांच्या लॉगमध्ये ती जॉइनची ओळ कायमची बसते, नंतर क्लोक लागून उपयोग काय. ह्याला उपाय एसएएसएल. क्लायंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लॉगिन मेथड असा पर्याय असतो, तिथे एसएएसएल निवडा आणि अकाउंटचं नाव पासवर्ड भरा, मग लॉगिन चॅनल जॉइनच्या आधीच होतं आणि क्लोक अंगावर घेऊनच तुम्ही आत जाता. लिबेरावर तर हे पहिल्या दिवशीच करून ठेवा.

क्लोक असला तरी दोन ठिकाणी खरा आयपी बाहेर जातो. डीसीसी चॅट किंवा डीसीसीने फाइल पाठवणं हे सर्व्हरला वळसा घालून थेट समोरच्याच्या मशीनशी होतं, त्यामुळे तुमचा पत्ता त्या रिक्वेस्टमध्येच जातो, आणि तोही एका सलग मोठ्या आकड्याच्या रूपात, म्हणजे १९२.१६८.१.५ हा ३२३२२३५७८१ असा दिसतो, लोकांना वाटतं काहीतरी कोड आहे, पण तो आयपीच असतो. दुसरं म्हणजे अनोळखी माणसाने दिलेली लिंक उघडणं, ती त्याच्याच सर्व्हरवर जात असेल तर त्याच्या लॉगमध्ये तुमचा आयपी आला. अनोळखी माणसाची डीसीसी रिक्वेस्ट घेऊच नका.

बरं, ओपला काय द्यायचं. प्रायव्हेटमध्ये, हूइजच्या पहिल्या ओळीतलं निक, यूझरनेम, होस्ट, बस. क्लोक असेल तर ओप निक आणि यूझरच्या जागी स्टार टाकून फक्त होस्ट ठेवेल, स्टार!स्टार@होस्ट असं, आणि तो कायम चालेल कारण क्लोक तुमच्यासोबत फिरतो, घरी वायफाय असो की फोन. क्लोक नसेल आणि आयपी बदलता असेल तर ओपला सरळ सांगा की माझा होस्ट फिक्स नाही, अकाउंटवर ॲक्सेस दे. चॅनसर्व्ह, म्हणजे चॅनलचे हक्क सांभाळणारी सर्व्हिस, तिच्या ॲक्सेस लिस्टमध्ये अकाउंटचं नाव टाकता येतं, आणि लिबेरावर बॅनच्या यादीतही डॉलर ए कोलन अकाउंट असा प्रकार चालतो, त्यात होस्टची भानगडच नाही. आयपीव्ही६ वाल्यांना तर मी हाच मार्ग सांगेन, कारण त्या पत्त्याचा मागचा अर्धा भाग फोन आणि कॉम्प्युटर स्वतःच अधूनमधून बदलत असतात, प्रायव्हसीसाठी, तेव्हा पूर्ण पत्ता बॉटमध्ये टाकला तर उद्या तो चालेलच असं नाही. चॅनलवर एगड्रॉप बॉट असेल आणि तुमचा पासवर्ड आधीच सेट असेल तर ओपला त्रास द्यायचीही गरज नाही, बॉटवर ती सोय चालू ठेवली असेल तर त्याला प्रायव्हेट मेसेजमध्ये आयडेंट (वरच्या ११३ पोर्टवाल्या आयडेंटशी ह्याचा संबंध नाही) आणि पुढे पासवर्ड पाठवला की तो तुमचा आत्ताचा होस्ट स्वतःच यादीत जोडून घेतो. चॅनलमध्ये चुकून तो मेसेज जाणार नाही एवढं बघा.

अजून एक, आणि हे खास मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. आयआरसीवर एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, त्यातले शेवटचे दोन ओळ संपल्याच्या खुणेचे, राहिले ५१०. तुमचा मेसेज सर्व्हर जेव्हा बाकीच्यांना पाठवतो तेव्हा पुढे तुमचा पूर्ण मास्क लावून पाठवतो, म्हणजे होस्ट जेवढा लांब तेवढी तुमच्या मजकुराची जागा कमी. आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजायचे, मुंबई हा एवढासा शब्द पंधरा बाइटचा. हिशोब करून बघा, निक नऊ अक्षरांचा, यूझरनेम आठ, होस्ट ६३ अक्षरांचा, आणि चॅनलचं नाव हॅश धरून सात अक्षरी इंग्रजी, तर पुढचा सगळा भाग १०१ बाइट, मजकुराला उरले ४०९, म्हणजे मात्रा धरून जेमतेम १३६ चिन्हं. होस्टच्या जागी आठ अक्षरी क्लोक असेल तर तीच जागा १५४ चिन्हांची होते. आपल्याकडे लोक तक्रार करतात की मी लांब वाक्य टाकलं आणि शेवट गायब झाला किंवा शेवटी चौकोन आले, त्याचं कारण हेच, सर्व्हरने ओळ मध्येच कापली आणि कधीकधी अक्षराच्या तीन बाइटमधूनच कापली. चांगले क्लायंट स्वतःचा होस्ट लक्षात ठेवून ओळ आधीच नीट तोडतात, पण कनेक्शनच्या मधेच क्लोक लागला किंवा बदलला आणि क्लायंटने ३९६ ची ओळ वाचली नाही तर त्याचा हिशोब चुकतो. असं होत असेल तर स्वतःचं हूइज करा, होस्टची अक्षरं मोजा, आणि क्लायंटच्या सेटिंगमध्ये ओळ तोडायची लिमिट दिली असेल तर ती थोडी कमी करून ठेवा.